जुन्या आवृत्तीतली नवी दुरुस्ती आणि तिची नोंद

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आणि पुढे थेट पनवेलपर्यंत डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तिथल्या सर्व्हरांवर बऱ्याच ठिकाणी लिनक्स चालते. अशा सर्व्हरांची सुरक्षा-तपासणी झाली की अहवालात एक शेरा वारंवार दिसतो: वेब सर्व्हर अपाची २.४.६, आवृत्ती जुनी, तातडीने बदला. अपाची २.४.६ निघाली २०१३ मध्ये. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ आणि त्यावर बेतलेले सेंटओएस ७ यांनी २०१४ मध्ये ती घेतली आणि ३० जून २०२४ रोजी नियमित देखभाल संपेपर्यंत तोच क्रमांक ठेवला. मधल्या दहा वर्षांत अपाचीत ज्या गंभीर त्रुटी सापडल्या, त्यांच्या दुरुस्त्या त्याच २.४.६ मध्ये आणून बसवल्या गेल्या. स्कॅनर क्रमांक वाचून शेरा मारतो. सर्व्हर सांभाळणारा म्हणतो, क्रमांक जुना असला तरी आतला कोड दुरुस्त आहे. दोघांपैकी कोण बरोबर, हे पॅकेजसोबत आलेला चेंजलॉग उघडल्याशिवाय ठरत नाही.

नव्या आवृत्तीत झालेली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेऊन बसवणे म्हणजे बॅकपोर्ट. ती कुठे, कधी, कशासाठी बसवली हे लिहून ठेवणे म्हणजे चेंजलॉग. ही दोन कामे वेगवेगळी शिकवली जातात आणि बहुतेक प्रकल्पांत वेगवेगळी माणसे करतात. पण त्यांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. सातबारा पाहून जमिनीची आजची स्थिती कळते, ती तशी कशी झाली हे मात्र फेरफाराच्या नोंदीतच सापडते. बॅकपोर्ट झालेल्या सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांत या नोंदीबाबत आज कोणते विचार आहेत आणि कुठे घोडे अडले आहे, ते इथे क्रमाने पाहू.

क्रमांक आणि कोड यांची फारकत

चेंजलॉगची जुनी शिस्त जीएनयू प्रकल्पाने घालून दिली. कोणत्या तारखेला, कोणी, कोणत्या फाइलमधल्या कोणत्या फंक्शनमध्ये काय बदलले हे ‘चेंजलॉग’ नावाच्या फाइलीत, आणि वापरणाऱ्याला जाणवेल असे जे असेल ते ‘न्यूज’ नावाच्या वेगळ्या फाइलीत. ही विभागणी फार समंजस होती. प्रोग्रामर आणि वापरकर्ता यांना वेगवेगळे काही हवे असते, हे तिथे गृहीत धरलेले होते. पुढे अनेक प्रकल्पांनी दोन्ही एकत्र केले आणि आजचे बरेच वाद त्या एकत्रीकरणातून निघालेले आहेत.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनने प्रत्येक पॅकेजला स्वतःचा चेंजलॉग सक्तीचा केला. मूळ प्रकल्पाचा क्रमांक, त्याला जोडून डेबियनचा स्वतःचा क्रमांक, बदल किती तातडीचा, कोणत्या नोंदवलेल्या त्रुटी बंद झाल्या, हे सगळे त्यात ठरलेल्या साच्यात येते. रेड हॅटने २००२ पासून उद्योगांसाठी दीर्घ मुदतीची आवृत्ती विकायला घेतली. ग्राहकाला वर्षानुवर्षे काहीही न मोडण्याची हमी द्यायची असेल, तर मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती जशीच्या तशी देता येत नाही, कारण दुरुस्तीबरोबर नवी वैशिष्ट्ये येतात, जुन्या सवयी मोडतात. म्हणून फक्त दुरुस्ती उचलायची. क्रमांक आणि कोड यांची फारकत तिथून रूढ झाली.

या फारकतीचे सर्वांत ठळक उदाहरण ७ एप्रिल २०१४ चे आहे. ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी त्या दिवशी जाहीर झाली. मूळ प्रकल्पाने दुरुस्त केलेली १.०.१जी ही आवृत्ती काढली. ‘जी’च्या आधीची सगळी १.०.१ मालिका धोक्याची, अशी बातमी जगभर झाली. रेड हॅटच्या सहाव्या आवृत्तीवर मात्र दुरुस्तीनंतरही क्रमांक १.०.१ई असाच राहिला. बदलले ते फक्त त्यामागचे पॅकेजचे अंक आणि चेंजलॉगमध्ये वाढलेली, सीव्हीई-२०१४-०१६० या त्रुटीच्या ओळख-क्रमांकाचा उल्लेख असलेली नोंद. डेबियनमध्येही ‘ई’च राहिला. सर्व्हरवर ओपनएसएसएलचा क्रमांक विचारला तर ‘ई’ हे उत्तर येई आणि ते ऐकून घाबरण्यासारखेच होते. आरपीएम या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाला त्या पॅकेजचा चेंजलॉग दाखवायला सांगितले, तरच सीव्हीईचा तो क्रमांक डोळ्यांना दिसे.

दुरुस्ती कोणत्या दिशेने चालते

एकाच वेळी चार-पाच आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रकल्पांत दुरुस्ती आधी कुठे करायची यावर दोन मते आहेत.

पहिले मत जुन्याकडून नव्याकडे जाणारे. त्रुटी ज्या सर्वांत जुन्या, अजून सांभाळल्या जाणाऱ्या शाखेत आहे तिथे दुरुस्ती करायची आणि मर्ज करत करत वर आणायची. खुद्द गिट हे सॉफ्टवेअर याच रीतीने सांभाळले जाते. तिथे देखभालीची शाखा वेगळी असते आणि दुरुस्ती तिच्यात सामावेल अशा बेताने लिहिली जाते. याचा मोठा फायदा नोंदीच्या बाजूने आहे. सगळ्या शाखांत तोच एक कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, असतो, म्हणून अमुक दुरुस्ती तमुक शाखेत आहे का, याचे उत्तर गिट स्वतः देते. कोणी लिहून ठेवण्यावर ते अवलंबून राहत नाही.

दुसरे मत नव्याकडून जुन्याकडे. आधी मुख्य शाखेत दुरुस्ती, मग चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच कमिट उचलून, जुन्या शाखांत. लिनक्स कर्नलचा नियम असाच आहे: जी दुरुस्ती लिनस टॉरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत नाही, ती स्थिर शाखेत घेतली जात नाही. त्यामुळे जुन्यात दुरुस्त आणि नव्यात पुन्हा बिघडलेले, असे होत नाही. क्यूटी हा प्रकल्प पूर्वी मर्ज करत वर जाई. २०२० च्या सुमारास त्याने दिशा उलटवली. आता कमिटच्या तळाशी कोणत्या शाखांत न्यायचे ते लिहितात आणि बॉट ते नेतो.

चेरी-पिकची अडचण अशी, की नेलेल्या कमिटला नवी ओळख मिळते. मूळ आणि प्रत यांचे नाते गिटला ठाऊक नसते, ते संदेशात लिहिले तरच टिकते. कर्नलच्या स्थिर शाखेत प्रत्येक कमिटच्या सुरुवातीला मुख्य शाखेतला मूळ कमिट क्रमांक लिहिण्याची सक्ती याचसाठी आहे. गिटमध्ये चेरी-पिकला ‘एक्स’ हा पर्याय दिला तर अशी ओळ आपोआप येते. हा एवढासा पर्याय न वापरणारे प्रकल्प पुढे दुरुस्ती शोधताना तासन् तास घालवतात. या सगळ्या चर्चेत मला सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त उपयोगाची सुधारणा हीच वाटते.

पोस्टग्रेस या डेटाबेसची वाट तिसरी आहे. तिथे कमिटर तीच दुरुस्ती प्रत्येक शाखेसाठी जुळवून घेतो आणि सगळ्या शाखांत जवळजवळ एकाच वेळी, एकाच संदेशानिशी टाकतो. त्या प्रकल्पातली एक छोटी स्क्रिप्ट नंतर समान संदेशांचे कमिट एकत्र करून कोणती दुरुस्ती कुठवर गेली ते दाखवते. कष्ट जास्त पण चित्र स्वच्छ.

दिशा कोणतीही असो, ज्या आधीच्या बदलांवर दुरुस्ती उभी आहे ते सोबत गेले नाहीत तर ती नव्या जागी विघातक ठरू शकते. डिसेंबर २०२३ मध्ये हे फार जवळून दिसले. कर्नल ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमसाठी एक दुरुस्ती आणली गेली. मुख्य शाखेत तिच्या आधी दुसरा एक बदल झालेला होता, तो ६.१ मध्ये नव्हता. मुख्य शाखेत निर्दोष असलेली दुरुस्ती जुन्या शाखेत विदा बिघडवू लागली. डेबियनला ९ डिसेंबरला ठरलेली १२.३ ही आवृत्ती थांबवावी लागली आणि दुसऱ्या दिवशी १२.४ काढावी लागली. पोस्टग्रेसलाही नोव्हेंबर २०२४ मध्ये असाच फटका बसला. १४ तारखेच्या १७.१ मध्ये एका दुरुस्तीने अंतर्गत रचनेचा आकार बदलला, त्यामुळे टाइमस्केलडीबीसारखी आधी बांधलेली एक्स्टेंशन अडचणीत आली आणि आठवड्याभरात, २१ तारखेला, १७.२ काढावी लागली. दोन्ही प्रकल्प अत्यंत काटेकोर मानले जातात.

काय मागे न्यायचे

इथे मतभेद जास्त तीव्र आहेत आणि तीनही बाजूंत तथ्य आहे.

डेबियनची स्थिर आवृत्ती आणि पोस्टग्रेस यांचा कल निवडीकडे. सुरक्षा, विदा बिघडणे, कोसळणे, चुकीचे उत्तर येणे, एवढ्यासाठीच जुन्या शाखेला हात लावायचा. नवे वैशिष्ट्य कितीही छोटे असले तरी नाही. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते आणि किरकोळ आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशा ठरलेल्या महिन्यांत निघतात. प्रशासकाला डोळे झाकून ती बसवता यावी हा हेतू. प्रत्येक बदलात बिघाडाची शक्यता असते, म्हणून बदल कमीत कमी, हा या बाजूचा युक्तिवाद.

लिनक्स कर्नलच्या स्थिर शाखांचा कल उलट आहे. २००५ मध्ये २.६.११ पासून या शाखा सुरू झाल्या तेव्हा नियम कडक होते. पुढे ग्रेग क्रोहा-हार्टमन आणि साशा लेविन यांच्या हाताखाली ओघ वाढत गेला. दुरुस्ती वाटणारे कमिट मशीन लर्निंगने हुडकून स्थिर शाखेसाठी सुचवण्याची सोयही आली. त्यांचे म्हणणे असे: कर्नलमध्ये कोणती त्रुटी उद्या सुरक्षेची ठरेल हे आज कोणी सांगू शकत नाही, म्हणून ज्ञात दुरुस्त्या सगळ्या घ्या. एक्सएफएससारख्या उपविभागांनी याला हरकत घेतली. आमच्या दुरुस्त्या यंत्राने उचलू नका, चाचण्या केल्याशिवाय त्या मागे नेऊ नका, असे सांगून त्यांनी स्वतःचे स्थिर-शाखा सांभाळणारे नेमले.

तिसरी बाजू वितरकांची, म्हणजे रेड हॅट, सुसे, कॅनॉनिकल यांची. ते स्वतःच्या ग्राहकांच्या गरजेनुसार निवडतात, स्वतः तपासतात. या पद्धतीवर मे २०२४ मध्ये सीआयक्यू या कंपनीच्या अभियंत्यांनी रेड हॅटच्या एका जुन्या कर्नलचे विश्लेषण करून टीका केली. मुख्य शाखेत सुटलेल्या हजारो त्रुटी त्यात तशाच असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. मुळात त्यांतल्या किती त्रुटी त्या ग्राहकाच्या वापरात कधी पोहोचतात, हा वितरकांच्या बाजूचा प्रतिप्रश्न. आणि सीआयक्यू स्वतः रेड हॅटची स्पर्धक आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

निवडीच्या बाजूला सर्वांत कठीण प्रश्न विचारणारी घटना ‘घोस्ट’ची. जीलिबसी या पायाभूत लायब्ररीतली एक त्रुटी मे २०१३ मध्येच दुरुस्त झाली होती. पण ती सुरक्षेची आहे असे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही आणि नोंदीतही तसे आले नाही. म्हणून दीर्घ मुदतीच्या वितरणांनी ती मागे नेली नाही. २७ जानेवारी २०१५ रोजी क्वालिस या कंपनीने ती जाहीर केली तेव्हा डेबियन ७, रेड हॅट ६ आणि ७, उबुंटू १२.०४ ही सगळी उघडी होती. दुरुस्ती २० महिने सर्वांच्या समोर पडून होती. उणीव होती ती तिचे गांभीर्य सांगणाऱ्या नोंदीची.

कर्नलने यावर काढलेला उपाय टोकाचा आहे. १३ फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच सीव्हीई क्रमांक देऊ लागला आणि सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला तो देतो. क्रमांकांचा पूर आला. एका बाजूला प्रामाणिकपणा, दुसऱ्या बाजूला प्रत्येक क्रमांकाचा निवाडा करत बसलेले वितरक आणि ऑडिटर. अजून ही घडी बसलेली नाही.

नोंद कोणी लिहायची

गिट २००५ मध्ये आले आणि इतिहास आपोआप साठू लागला. मग हाताने चेंजलॉग लिहायचा कशाला, हा प्रश्न रास्तच होता. जीसीसी या कंपायलरच्या प्रकल्पाने २०२० पासून चेंजलॉगची फाइल कमिटच्या संदेशांतून तयार करायला घेतली. ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’ या संकेतानुसार प्रत्येक कमिटला ‘फिक्स’, ‘फीट’, ‘चोअर’ असे शीर्षक द्यायचे आणि ‘सिमँटिक-रिलीज’सारख्या साधनाने त्यावरून आवृत्तीचा क्रमांक व नोंद दोन्ही काढायचे, ही रीत वेब जगात पसरली. छोट्या चमूला हे वरदान आहे. दर आठवड्याला प्रकाशन करायचे आणि प्रत्येक वेळी कोणी तरी बसून गद्य लिहायचे, हे परवडत नाही.

विरुद्ध मत ‘कीप अ चेंजलॉग’ या २०१४ पासूनच्या मार्गदर्शिकेने नेटके मांडले: कमिटची यादी म्हणजे चेंजलॉग नव्हे, चेंजलॉग माणसासाठी असतो. हे मत किती खरे आहे याचे उदाहरण पोस्टग्रेसच्या ९ फेब्रुवारी २०१७ च्या प्रकाशनात आहे आणि त्याचा धागा पुण्यापर्यंत येतो. पुण्यात राहून पोस्टग्रेसवर काम करणारे पवन देओलसी यांचे नाव जाणकारांना २००८ च्या ८.३ आवृत्तीतील ‘हॉट’ या सुधारणेमुळे ठाऊक होते. एकाच ओळीत वारंवार फेरबदल होताना इंडेक्सवर पडणारा भार त्या सुधारणेने कमी केला. २०१७ च्या सुरुवातीला त्यांना आढळले, की वापर चालू असताना इंडेक्स बांधण्याच्या आज्ञेत एक शर्यतीची त्रुटी आहे आणि तिच्यामुळे इंडेक्स चुकीचा बनू शकतो. ठरलेले प्रकाशन तोंडावर आले होते. दुरुस्ती ९.६.२, ९.५.६, ९.४.११, ९.३.१६ आणि ९.२.२० अशा पाचही चालू शाखांत गेली.

त्या वेळची नोंद अभ्यास करण्याजोगी आहे. त्रुटी कोणत्या आज्ञेत होती हे ती सांगतेच. कोणत्या परिस्थितीत बनलेल्या इंडेक्सवर परिणाम झालेला असू शकतो हेही सांगते: ज्या स्तंभावर आधी इंडेक्स नव्हता त्यावर बांधलेला, आणि बांधणी चालू असताना त्या ओळी बदलल्या गेल्या असतील तर. पुढे ती प्रशासकाला स्पष्ट सांगते, की शंका असल्यास नवी आवृत्ती बसवल्यावर असे इंडेक्स पुन्हा बांधा. हे तिसरे वाक्य महत्त्वाचे. दुरुस्ती बसवल्याने पुढचे इंडेक्स नीट बनतील, आधी बिघडलेला आपोआप सुधारणार नाही. कमिटच्या शीर्षकांतून ओढून काढलेल्या यादीत ही सूचना येण्याची शक्यता जवळजवळ नाही. ती कोणी तरी वाचणाऱ्याच्या जागी बसून लिहावी लागते.

दोन्हींच्या मधला मार्ग तुकड्यांचा. प्रत्येक बदलासोबत नोंदीची एक छोटी वेगळी फाइल द्यायची आणि प्रकाशनाच्या वेळी सगळ्या एकत्र करायच्या. पायथनने २०१७ मध्ये ‘ब्लर्ब’ हे साधन याचसाठी आणले. त्यापूर्वी सगळे जण एकाच ‘न्यूज’ फाइलीच्या त्याच भागात लिहीत आणि चेरी-पिक करताना कोडपेक्षा नोंदीतच जास्त संघर्ष होत. बॅकपोर्ट करणाऱ्या प्रकल्पांसाठी हा मार्ग विशेष सोयीचा, कारण तुकडा दुरुस्तीबरोबरच जुन्या शाखेत जातो.

एका लहान वाटणाऱ्या प्रश्नावर मात्र एकमत नाही. समजा एक दुरुस्ती ९.६.२ मध्ये गेली आणि ती पुढच्या मोठ्या आवृत्तीतही आहे. मोठ्या आवृत्तीच्या नोंदीत ती पुन्हा लिहायची का? पोस्टग्रेस लिहीत नाही. मोठ्या आवृत्तीच्या नोंदीत फक्त नवे. पायथनच्या सविस्तर चेंजलॉगमध्ये ती प्रत्येक शाखेत दिसते. पहिल्यात वाचनीयता, दुसऱ्यात थेट शोधण्याची सोय. मध्ये दोन आवृत्त्या टाळून उडी मारणाऱ्याला पहिली पद्धत जड जाते. आपल्याकडे अशा उड्या मारणारेच जास्त, म्हणून माझा कौल दुसरीला आहे.

मुंबईतले उदाहरण

ओपन सोर्सचा हा सगळा व्यवहार मुंबईत बसून चालवणारा प्रकल्प म्हणजे ईआरपीनेक्स्ट. ऋषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेली फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही कंपनी तो सांभाळते. लेखा, साठा, उत्पादन असे उद्योगाचे कामकाज त्यावर चालते.

तिथली रीत दुसऱ्या मताची, म्हणजे नव्याकडून जुन्याकडे जाणारी. बदल आधी ‘डेव्हलप’ शाखेत येतो. तो मागे न्यायचा असेल तर सांभाळणारा त्यावर ‘बॅकपोर्ट’ असे लेबल लावतो आणि त्यात आवृत्तीच्या हॉटफिक्स शाखेचे नाव असते. मर्जिफाय हा बॉट लेबल पाहून बदल स्वीकारण्याची नवी विनंती (पुल रिक्वेस्ट) उघडतो आणि शीर्षकात मूळ विनंतीचा क्रमांक कंसात घालतो. कोड जुळला नाही तर बॉट संघर्षाच्या खुणांसकट विनंती उघडून ठेवतो, पुढचे काम माणसाचे. हॉटफिक्स शाखेत साठलेले बदल साधारण दर आठवड्याला स्थिर शाखेत जातात आणि सिमँटिक-रिलीज क्रमांक व नोंद तयार करते. शीर्षकात ‘फिक्स’ असेल तर ओळ नोंदीत येते. ‘चोअर’ लिहिले तर येत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याने पहिला शब्द चुकीचा निवडला, तर दुरुस्ती होते आणि नोंद हरवते. पूर्वीच्या आवृत्त्यांत याच्या जोडीला हाताने लिहिलेल्या छोट्या टिपाही असत. प्रणाली अद्ययावत झाल्यावर वापरणाऱ्याने लॉगिन केले की त्या समोर उघडत. ती सोय कारकुनाच्या आणि लेखापालाच्या उपयोगाची होती.

या प्रकल्पापुढचा खरा भारतीय प्रश्न कराचा आहे. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. ई-इन्व्हॉइसची मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. मधल्या काळात पत्रकांचे नमुनेही बदलत राहिले. तुर्भे किंवा रबाळ्यातला एखादा छोटा कारखाना जुन्या आवृत्तीवर असेल आणि सरकारने नमुना बदलला, तर तो बदल दुरुस्ती म्हणायचा की नवे वैशिष्ट्य? पुस्तकी नियमाने नवे वैशिष्ट्य, म्हणून जुन्या शाखेत मज्जाव. कारखान्याच्या बाजूने पाहिले तर तो बदल आला नाही की विवरणपत्र भरताच येत नाही, यापेक्षा मोठा बिघाड कोणता? डेबियनने याच जातीच्या प्रश्नावर अपवाद केलेला आहे. देशोदेशींच्या वेळेचे नियम सांगणारा विदासंच स्थिर आवृत्तीतही बदलत राहतो, कारण सरकारे नियम बदलत राहतात. ईआरपीनेक्स्टने आवृत्ती १४ पासून वेगळी वाट धरली. भारताचा जीएसटीचा भाग मूळ सॉफ्टवेअरमधून काढून ‘इंडिया कंप्लायन्स’ या स्वतंत्र अ‍ॅपकडे गेला. कायद्याच्या गतीने बदलणारे आणि हिशेबाच्या गतीने बदलणारे असे दोन इतिहास वेगळे झाले. वापरणाऱ्याला मात्र आता दोन चेंजलॉग वाचावे लागतात.

वाचणारी यंत्रे

आता सुरुवातीच्या स्कॅनरकडे येऊ. आवृत्तीच्या क्रमांकावरून निदान करणारी साधने बॅकपोर्टपुढे नेहमीच फसतात. वितरकांनी त्यावर यंत्राला वाचता येईल अशी माहिती द्यायला सुरुवात केली. रेड हॅट आणि डेबियन ‘ओव्हल’ या साच्यात कोणत्या पॅकेजच्या कोणत्या अंकापासून त्रुटी दुरुस्त आहे ते सांगतात. अलीकडचा ‘व्हेक्स’ हा साचा पुढे जाऊन ‘आमच्यावर परिणाम नाही’, ‘दुरुस्त केले’, ‘तपास चालू’ अशी स्थिती सांगतो. चांगले स्कॅनर सर्व्हरवर लॉगिन करून हे जुळवतात. बाहेरून फक्त बॅनर वाचणारे अजूनही चुकीचे शेरे मारतात.

भारतात याला नियमांचे वजन येत आहे. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबीओएम, कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची विस्तारित आवृत्ती. सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीतही एसबीओएम आहे. पण यादीत ‘अपाची २.४.६’ एवढेच लिहिले, तर जुना घोळ नव्या कागदावर उतरतो. वितरकाचा पूर्ण पॅकेज क्रमांक आणि त्याची स्थिती सांगणारी व्हेक्स नोंद दोन्ही हवीत. साखळी लांब असेल तर प्रश्न वाढतो. सी-डॅकचे ‘बॉस’ लिनक्स डेबियनवर बेतलेले आहे. म्हणजे मूळ प्रकल्प, डेबियन, बॉस अशा तीन पायऱ्यांवर तीन नोंदी, आणि तिसऱ्या पायरीवरच्या कचेरीला पहिल्या पायरीवरची दुरुस्ती आपल्यापर्यंत आली का हे शोधायचे असते.

उरलेले प्रश्न

पहिला प्रश्न, जुन्या शाखा किती काळ सांभाळायच्या आणि त्याचा खर्च कोणी करायचा. कर्नलच्या दीर्घ मुदतीच्या शाखा सहा वर्षे सांभाळल्या जात. सप्टेंबर २०२३ मध्ये ही मुदत दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले, कारण सांभाळणारे थकले होते आणि जुन्या शाखा वापरणारे कमी होते. उपकरण बनवणाऱ्यांना दोन वर्षे अपुरी वाटतात, पण ते काम अंगावर घेणारे त्यांच्यातले थोडे.

दुसरा, नोंद किती उघडी ठेवायची. रेड हॅटने २०१० मध्ये सहाव्या आवृत्तीपासून कर्नलचे पॅच सुटे देणे थांबवून सगळे एकत्र द्यायला घेतले. जून २०२३ मध्ये सार्वजनिक स्रोत सेंटओएस स्ट्रीमपुरता ठेवला. कंपनीच्या मते आपले श्रम फुकट उचलणाऱ्या स्पर्धकांपासून बचाव आवश्यक होता. टीकाकारांच्या मते, कोणती दुरुस्ती का केली हे सर्वांना कळणे हा ओपन सोर्सचा गाभा आहे. दोन्ही बाजूंचे लोक परवान्याचाच आधार घेतात.

तिसरा, सुरक्षेची दुरुस्ती गाजावाजा न करता आत सरकवावी का. आधी ओरडून सांगितले तर हल्लेखोर सावध होतात, न सांगितले तर घोस्टसारखे होते. काही दिवस गुप्तता आणि मग पूर्ण खुलासा, ही तडजोड मोठ्या प्रकल्पांत चालते. छोट्यांकडे तेवढी यंत्रणा नाही.

चौथा कायद्याचा. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आहे. त्रुटी कळवण्याची बंधने ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि बाकीची ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत. युरोपात माल विकणाऱ्या आपल्या कंपन्यांना, त्यांच्या उत्पादनात वापरलेल्या प्रत्येक ओपन सोर्स घटकाच्या दुरुस्त्यांचा माग ठेवावा लागेल. ते काम मूळ प्रकल्पाच्या स्वयंसेवकांवर ढकलले जाणार नाही, याची तरतूद कायद्यात काही प्रमाणात आहे. प्रत्यक्षात काय होते ते पुढेच दिसेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चेंजलॉग लिहून घेण्याचे प्रयोगही सुरू आहेत. कोड काय बदलला हे ती बरे सांगते. जुना इंडेक्स पुन्हा बांधावा लागेल, हे फरकाच्या ओळींत कुठेच लिहिलेले नसते.

आणि सेंटओएस ७ चे सर्व्हर? अधिकृत मुदत संपली तरी ते सगळे एका रात्रीत बदललेले नाहीत. काही कंपन्या शुल्क घेऊन त्यांच्यासाठी अजून बॅकपोर्ट करतात आणि आपापले चेंजलॉग ठेवतात. २.४.६ हा क्रमांक तसाच आहे. त्यात काय दुरुस्त आहे, हे आता कोणत्या कंपनीकडून पॅकेज घेतले त्यावर ठरते.